पायाखालची वाळू पातळ होते तेव्हा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून तिथले पोलाद देशभरच्या बांधकामांत जात आले आहे. भूकंपाच्या धक्क्यात चटकन न तुटता वाकणारी सळईही आता बाजारात मिळते. घर बांधणारा माणूस सळईचा भाव विचारतो, सिमेंट पारखून घेतो. पण पाया ज्या जमिनीत जायचा तिची चौकशी मात्र क्वचितच करतो. समुद्रकाठी ही चौकशी आधी हवी.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छ हादरले. कांडला बंदरात बंदर आणि सीमाशुल्क कार्यालयाचा सुमारे २२ मीटर उंच मनोरा होता. त्याच्याखाली काँक्रीटचे ३२ पाइल होते, प्रत्येकी सुमारे १८ मीटर लांब. एवढ्यावर कोणीही निश्चिंत झाला असता! पण वर चिकणमातीचा थर, खाली पाण्याने भिजलेली वाळू आणि पाइलांची टोके त्या वाळूतच थांबलेली. मनोरा पडला नाही, मात्र कलला. त्याचा माथा सुमारे ३० सेंटिमीटर सरकला आणि शेजारच्या इमारतीपासून तो सुटला.

वाळू अशी दगा का देते? चौपाटीवर पाण्याच्या कडेला उभे राहून पाय जागच्या जागी हलवून पाहा. पाणी वर येते, पाय रुततात. भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन काही काळ दाट रश्शासारखी वागते. जपानमधल्या निगाता शहरात १९६४ साली राहत्या इमारती अशाच कलंडल्या होत्या. भिंती मात्र बऱ्याचशा शाबूत!

मुंबईचे दैव त्या मानाने बरे. भरावाखाली, खाडीच्या चिखलाखाली काळा पाषाण लागतो आणि पाइल तिथवर नेता येतात. अडचण असते ती शेजाऱ्याची. गिरगाव, काळबादेवीच्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळींशेजारी घणाने पाइल ठोकले, तर हादऱ्यांनी भिंतींना तडे जाऊ शकतात. खड्ड्यातले पाणी बेसुमार उपसले, तर चाळीखालची माती दबते. म्हणून पाइल ठोकण्याऐवजी जमिनीत भोक पाडून जागेवरच ओततात. खोदाईआधी कडेने पाइलांची सलग भिंत उभारतात आणि शेजारच्या घरांवर कंपनमापक बसवतात. मेट्रो ३ ची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके अशाच दाटीत खोदली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथून गाड्या धावू लागल्या.

शेजारी खोल खड्डा सुरू होणार असेल, तर सोसायटीने काम सुरू होण्यापूर्वीच आपल्या भिंतींचे फोटो काढून ठेवावेत आणि माती तपासणीचा अहवाल मागावा. जुन्या भेगेवर काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने पक्की बसवावी. भेग रुंदावली की काच तडकते. पट्टी लावल्याची तारीख शेजारी भिंतीवरच लिहावी.