दोन पिशव्यांची अदलाबदल : मिशिगनमधील गुरांची विषबाधा

कारखान्यातील रसायनांमुळे जनावरांना विषबाधा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकाच्या इतिहासात थोडीथोडकी नाहीत. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांभोवतीच्या कुरणांत फ्लोराइडमुळे गुरांचे दात व हाडे किडल्याचे सर्वश्रुत आहे. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत गुरांची कातडी जाड व सुरकुतलेली होऊन ती मरू लागली; त्या रोगाचे मूळ पशुखाद्याच्या यंत्रांना लावलेल्या वंगणातील क्लोरीनयुक्त नॅफ्थलीनमध्ये सापडले. परंतु १९७३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जे घडले ते या सर्वांहून वेगळे होते. येथे विष धुराड्यातून आले नाही की नाल्यातून वाहत आले नाही. ते कागदी पिशवीत बांधून, खुराक म्हणून, रीतसर गोठ्यात पोहोचले.

या राज्यातील सेंट लुई नावाच्या लहानशा गावी मिशिगन केमिकल कंपनीचा कारखाना होता. (मिसूरीतील त्याच नावाचे प्रसिद्ध शहर ते हे नव्हे.) तेथे इतर मालाबरोबर दोन चूर्णे तयार होत. पहिले मॅग्नेशियम ऑक्साइड. त्याचे व्यापारी नाव न्यूट्रिमास्टर. दुभत्या गाईंना धान्याचा खुराक अधिक दिला म्हणजे पोटात आम्लता वाढते व दुधातील स्निग्धांश घटतो. त्यावर उपाय म्हणून हे चूर्ण खुराकात मिसळतात. दुसरे पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल, म्हणजे ब्रोमीनचे अनेक अणू जोडलेले बायफेनिल. प्लॅस्टिकच्या वस्तूंनी सहजी पेट घेऊ नये म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये घालीत, आणि त्याचे व्यापारी नाव फायरमास्टर. नावांतील साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. एरवी पिशव्यांवर छापील नावे असत. परंतु त्या सुमारास छापील पिशव्यांचा तुटवडा पडला, आणि साध्या पिशव्यांवर हाताने नाव उमटवून माल भरला जाऊ लागला. अशा स्थितीत फायरमास्टरच्या पन्नास पौंडी सुमारे दहा ते वीस पिशव्या बॅटल क्रीकजवळील पशुखाद्याच्या गिरणीत गेल्या आणि तेथे त्या मॅग्नेशियम ऑक्साइड समजून खुराकात मिसळल्या गेल्या.

१९७३ च्या शरद ऋतूत फ्रेडरिक हॅल्बर्ट या गोपालकाच्या गाईंनी खाणे टाकले. दूध झपाट्याने आटले. डोळ्यांतून पाणी गळे, खूर वेडेवाकडे वाढत, अंगावर गळवे येत. गावोगावच्या पशुवैद्यांनी पाहिले. परिचित जंतुरोगांपैकी एकही जुळेना. हॅल्बर्ट यांनी रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले होते, हा या कथेतील एक भाग्ययोग म्हटला पाहिजे. खुराकावर संशय धरून त्यांनी तो काही वासरांना मुद्दाम चारला. वासरे आजारली व मेली. संशय खरा ठरला, परंतु खुराकात नेमके काय आहे हे मात्र कळेना. त्यांनी एकामागून एक प्रयोगशाळांची दारे ठोठावली.

शोध इतका लांबण्याचे कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. खाद्यातील कीटकनाशके शोधण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचा उपयोग करीत. या पद्धतीत नमुन्यातील द्रव्ये तापवून वायुरूपात एका लांब नळीतून नेतात. हलकी द्रव्ये आधी बाहेर पडतात, जड द्रव्ये मागाहून. नेहमीची कीटकनाशके ठराविक वेळात बाहेर पडत, म्हणून तेवढ्या वेळानंतर यंत्र बंद करण्याचा प्रघात होता. हेक्झाब्रोमोबायफेनिलचा रेणुभार मात्र ६२७ च्या वर आहे. ते नळीतून फारच सावकाश सरकते. आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेत कोणी जेवायला गेले असता यंत्र चालूच राहिले आणि परतल्यावर आलेखावर अनपेक्षित शिखरे उमटलेली दिसली, असे सांगतात. जे द्रव्य शोधायचे ठरविलेलेच नसते ते उत्तम यंत्रालाही सापडत नाही, याचा हा ठळक दाखला होय. पुढे त्या द्रव्यात ब्रोमीन असल्याचे दिसून आले, आणि बेल्ट्सव्हिल येथील शासकीय संशोधक जॉर्ज फ्रीस यांनी ते पूर्वी हाताळलेले असल्यामुळे ओळखले. तोवर १९७४ चा एप्रिल उजाडला होता. मधल्या सर्व महिन्यांत राज्यातील लोक ते दूध पीत होते व ते मांस खात होते.

विष मूळच्या पिशव्यांपुरते उरले नव्हते. गिरणीच्या यंत्रांना चिकटलेला अंश पुढच्या प्रत्येक खुराकात उतरत राहिला. मेलेल्या जनावरांच्या अवशेषांपासून पुन्हा पशुखाद्य झाले. पाचशेहून अधिक गोठ्यांवर निर्बंध घालण्यात आले. सुमारे ३०,००० गुरे, ४,५०० डुकरे, १,५०० मेंढ्या व १५ लक्ष कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. पुष्कळशी गुरे कॅल्कास्का परगण्यातील खड्ड्यांत पुरण्यात आली.

हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरते, आणि शरीराला त्याचे विघटन फारसे साधत नाही. त्यामुळे मूत्रावाटे ते जात नाही. चरबीत साठून राहते. दुभत्या गाईला एक वाट मोकळी असते, ती म्हणजे दुधातील स्निग्धांश. आपल्या अंगचे विष ती दुधावाटे वासराला आणि माणसाला देऊन स्वतः थोडी हलकी होते. न व्यालेल्या कालवडीला तीही सोय नाही.

मग किती अंश निर्धोक मानावा? शासनाने प्रथम चरबीच्या दशलक्ष भागांत १ भाग ही मर्यादा ठरविली आणि १९७४ च्या नोव्हेंबरात ती ०.३ वर आणली. ज्यांच्या गुरांत याहून थोडे कमी विष निघाले त्या गोपालकांची स्थिती सर्वांत बिकट झाली. गुरे डोळ्यांदेखत खंगत होती, परंतु कागदोपत्री निर्दोष होती. ती मारली तर भरपाई नाही, विकली तर मनाला टोचणी. अशा एका शेतकऱ्याने लावलेला दीर्घ खटला १९७८ मध्ये त्याच्याविरुद्ध गेला. अल्प मात्रेने गुरे खरोखर आजारली की व्यवस्थापनातील दोषाने, यावर तज्ज्ञांत एकमत झाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मर्यादेचा आकडा पुष्कळ अंशी त्या काळच्या मापनशक्तीवर बेतलेला होता. त्याला आरोग्याची सीमारेषा समजणे ही चूक होती. १९७७ मध्ये राज्याने स्वतःच कायदा करून गोमांसाच्या चरबीसाठी ०.०२ ही कितीतरी कडक मर्यादा घातली.

माणसांविषयी पहिला व्यापक पुरावा मातेच्या दुधातून मिळाला. १९७६ च्या पाहणीत राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पातील ९६ टक्के नमुन्यांत हे द्रव्य आढळले. विरळ वस्तीच्या उत्तर द्वीपकल्पातही ४३ टक्क्यांत. मनुष्यशरीरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. ज्या मुलींना गर्भावस्थेत व स्तनपानातून ते अधिक मिळाले त्यांना ऋतुप्राप्ती लवकर झाल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या काळच्या कुटुंबांची नोंदवही पुढे अटलांटा येथील एमरी विद्यापीठाकडे आली आणि तिच्या आधारे पुढील पिढ्यांचा अभ्यास करण्यात आला. सेंट लुई येथील कारखाना १९७८ मध्ये बंद होऊन पाडला गेला. त्याच्या जागेवर, प्रवेश न करण्याची सूचना कोरलेला, थडग्यावरच्या दगडासारखा एक दगड उभा करण्यात आला होता.