बिनसाखरेचे लेमन कर्ड आणि प्रमेही रुग्ण

प्रमेही रुग्णांचे पथ्याविषयीचे प्रश्न पूर्वी ठरलेले असत. भात किती खावा, आंबा चालेल का, गुळाचा चहा घेतला तर काय बिघडते, एवढ्यावर ते थांबत. आता त्यांत नव्या पदार्थांची भर पडली आहे. पिष्टमय पदार्थ कमी करून स्निग्ध व प्रथिनयुक्त आहार घेण्याची पद्धत शहरांतून गावांत आली आणि त्या आहाराबरोबर त्याचे 'गोड'ही आले. बिनसाखरेचे लेमन कर्ड हे त्यांपैकीच एक. चवदार तळ्याच्या महाडात किंवा पोलादपुरात हा पदार्थ कोण करणार, अशी शंका वाचकांस येणे शक्य आहे. परंतु येथील घराघरांतील मुले मुंबई-पुण्यास असतात, आणि आंबेनळी घाट चढला की जॅम व क्रशसाठी प्रसिद्ध असलेले महाबळेश्वर लागते. पाककृती आज भ्रमणध्वनीवरून घरात येते व प्रश्न मात्र वैद्याकडे किंवा औषधांच्या दुकानात विचारला जातो. त्या प्रश्नाला नुसते 'चालेल' किंवा 'नको' असे उत्तर देऊन भागत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी. 'कर्ड' या शब्दामुळे पुष्कळांचा समज होतो की यात दही असते. दह्याचा येथे काही संबंध नाही. लिंबाचा रस, अंडी, लोणी आणि साखर मंद आचेवर घोटून केलेली ही दाट, पिवळसर चटणीसारखी वस्तू आहे. इंग्रजी घरांत ती पावाला लावून खातात. दूध नसल्याने दुग्ध व अम्लफल यांच्या संयोगाचा विरुद्धाहार येथे लागू होत नाही. चरकाचार्यांनी दुधाशी विरुद्ध म्हणून सांगितलेल्या अम्लफलांत मातुलुंगाचे, म्हणजे आपल्या महाळुंगाचे नाव आहे, हे आपणांस ज्ञातच आहे. म्हणून काही गृहिणी दाटपणासाठी यात दूध किंवा साय घालतात, तेव्हा त्यांना थांबवणे योग्य. लोणी वा तूप वापरल्यास तो आक्षेप राहत नाही.

साखर काढली की काय होते, हा खरा विषय आहे. नेहमीच्या लेमन कर्डमध्ये साखरेचे प्रमाण एकूण वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके असते. वीस ग्रॅमच्या एका चमच्यात सहा-सात ग्रॅम साखर पोटात जाते. ही साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी बांधून ठेवते, जंतूंची वाढ रोखते आणि अंड्यातील प्रथिने गोठण्याचे तापमान वर नेते. म्हणून साखर घातलेले कर्ड थोडे जास्त तापले तरी सांभाळून घेते. बिनसाखरेचे मात्र पाहता पाहता फाटते व त्यात अंड्याच्या गाठी होतात. ज्यांनी स्वतःच्या औषधशाळेत बिनसाखरेचा च्यवनप्राश करून पाहिला असेल त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. शार्ङ्गधराने सांगितलेली अवलेहसिद्धीची लक्षणे, म्हणजे तंतू सुटणे, पाण्यात बुडून राहणे, बोटाचा ठसा उमटणे, ही शर्करेच्या किंवा गुळाच्या पाकावर आधारलेली आहेत. एरिथ्रिटॉलच्या पाकाला तंतू सुटतच नाही. थंड झाल्यावर त्याचे खडे मात्र होतात. तेथे जुन्या परीक्षा लावून पाक सिद्ध झाला असे ठरवणे धोक्याचे आहे.

साखरेला पर्याय कोणता

रुग्ण सर्वप्रथम गूळ, मध किंवा खडीसाखर सुचवतो, कारण त्या 'आपल्या' वस्तू. खडीसाखर ही निव्वळ साखरच आहे. गुळातही बहुतांश साखर असते. शिवाय गुळाचे विकार चरकाने प्रमेहाच्या हेतूंत दही व नवान्नाच्या पंक्तीत बसवले आहेत. मधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रमेहात मध ग्राह्य असल्याचे ग्रंथांत आहे आणि त्याच आधारावर रुग्ण शंभर ग्रॅम मध तुपाबरोबर आचेवर ठेवतो! अनुपान म्हणून घेतलेला चमचाभर मध आणि पदार्थाचा तिसरा हिस्सा होऊन बसलेला मध यांत महदंतर आहे. मधाच्या शंभर ग्रॅमात सुमारे ऐंशी ग्रॅम शर्करा असतात. त्याखेरीज उष्ण केलेला मध व समप्रमाणातील मध-तूप हे दोन्ही निषेध येथे एकाच भांड्यात एकत्र येतात. या एका बाबतीत तरी आपले शास्त्र व आधुनिक आहारशास्त्र एकमुखाने 'नको' म्हणते.

दुकानात मिळणाऱ्या पर्यायांत अस्पार्टेमच्या गोळ्या उष्णतेने विघटित होतात व त्यांची गोडी जाते, म्हणून त्या शिजवण्याच्या कामी येत नाहीत. सुक्रालोजच्या पुड्यांत पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिनची भर असते. एका पुडीत ती एखादा ग्रॅमच असली तरी गोडीसाठी वीस पुड्या फोडणाऱ्याने ती हिशेबात धरली पाहिजे. माल्टिटॉल रक्तशर्करा वाढवतो, साखरेपेक्षा कमी, पण निश्चित वाढवतो. 'शुगर फ्री' मिठाईवर विश्वास ठेवून पाव किलो खाणाऱ्यास जो अतिसार होतो त्याचेही कारण बहुधा अशा शर्करा-मद्यार्कांतच असते. एरिथ्रिटॉल त्या मानाने सौम्य. ते लहान आतड्यात शोषले जाऊन बहुतांशी मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते आणि रक्तशर्करा वाढवत नाही. गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात रक्तातील एरिथ्रिटॉलचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा संबंध दिसला. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तथापि हृद्रोगाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास ते रोज भरपूर घेण्याचा सल्ला देऊ नये, असे आमचे मत आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस केली. ती आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, आणि एरिथ्रिटॉलसारखे पदार्थही तिच्या कक्षेबाहेर आहेत. वर्तमानपत्री मथळ्यांत हे दोन्ही तपशील गळाले, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

कृती

सहा रसदार कागदी लिंबांचा सुमारे शंभर मिलिलिटर रस, तीन अंडी, साठ ग्रॅम बिनमिठाचे लोणी किंवा साजूक तूप, ऐंशी ग्रॅम बारीक दळलेले एरिथ्रिटॉल, चिमूटभर मीठ. गोडी कमी वाटल्यास स्टीव्हियाच्या अर्काची अगदी अल्प मात्रा. जास्त झाल्यास मागाहून कडवटपणा येतो. कागदी लिंबाची साल पातळ असते, म्हणून किसणी हलक्या हाताने फिरवावी. पांढरा भाग आला की सारे कडू होते. भांडे काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेले पितळी व तांब्याचे भांडे, तसेच ॲल्युमिनियमचे पातेले येथे वर्ज्य समजावे.

अंडी, रस, साल व गोडवा एकत्र फेटून घ्यावा आणि भांडे उकळत्या पाण्यावर, परंतु पाण्याला न टेकता, ठेवावे. सतत ढवळावे. पंचाहत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान मिश्रण पळीच्या पाठीवर साय धरल्यासारखे चिकटू लागते. त्याच क्षणी खाली उतरवावे; बिनसाखरेच्या मिश्रणात येथे अर्ध्या मिनिटाचाही विलंब महागात पडतो. उलटपक्षी फाटण्याच्या भीतीने कोमट असतानाच उतरवले तर अंड्यातील जंतू जिवंत राहतात, म्हणून एक साधा तापमापक घरी असणे बरे. मग लोण्याचे तुकडे एकेक करून मिसळावेत, गाळून घ्यावे आणि उकळून कोरड्या केलेल्या लहान बाटल्यांत भरावे.

अंडे न खाणाऱ्यांसाठी मक्याचे पीठ सुचवले जाते. एका मोठ्या चमच्यात सात ग्रॅम पिष्ट जाते, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच मागच्या दाराने आत येते. त्यापेक्षा कोकणातील घरांना सोयीचे म्हणजे नारळाचे दाट दूध आणि चायना ग्रास. चायना ग्रास आधी साध्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळू द्यावे, नारळाचे दूध घालून उतरवावे व थोडे निवल्यावर, पण गोठण्यापूर्वी, लिंबाचा रस मिसळावा. रसासह उकळल्यास अम्लतेमुळे चायना ग्रासची पकड जाते. याला इंग्रज गृहिणी लेमन कर्ड म्हणणार नाही. चवीला मात्र उत्तम लागते.

या कृतीत एका चमच्यात पचणारे पिष्ट व शर्करा मिळून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास राहते. पण उष्मांक पस्तीसएक असतातच, आणि ते सारे स्नेह व अंड्यांतून येतात. साखर गेली म्हणून पदार्थ लघु होत नाही. स्थूल, कफप्रधान प्रमेहीला हा गुरु-स्निग्ध पदार्थ वाटीने देणे अनुचितच. कृश प्रमेहीच्या बाबतीत विचार वेगळा होऊ शकेल. अम्लपित्ताच्या रुग्णास लिंबाचा हा सांद्र रस सोसत नाही. चमचाभर, जेवणाबरोबर, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढी मर्यादा आम्ही घालतो.

टिकाऊपणा हा येथील प्रदेशात वेगळा प्रश्न होऊन बसतो. हे कर्ड शीतकपाटातच ठेवावे लागते व आठवड्याच्या आत संपवावे. पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री व गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा विजेअभावी दिवस काढावे लागले. अंडी व लोणी असलेला बिनसाखरेचा पदार्थ अशा वेळी चार-पाच तासांनंतर टाकून द्यावा, वास घेऊन निर्णय करू नये. कोकणाने बिनसाखरेचा अम्ल रस टिकवण्याची स्वतःची युक्ती पूर्वीच शोधली आहे: रातांब्याचे आगळ. तेथे साखरेचे काम मीठ करते आणि बाटली फडताळात वर्षभर राहते. पावसाळ्यापुरते तरी प्रमेहीने पाण्यात चमचाभर आगळ घ्यावे, हे आम्हांस अधिक व्यवहार्य वाटते. अर्थात रक्तदाब असल्यास मिठाचा विचार करून.

रुग्णाच्या गोळ्या विचारा

पाककृतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पिष्टमय पदार्थ एकदम कमी करणारा रुग्ण बहुधा आपल्या औषधांबरोबर आधुनिक गोळ्याही घेत असतो व त्या सांगत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि ताटातला भात निम्मा झाला असेल, तर रक्तशर्करा अतिशय खाली येण्याचा संभव असतो. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे दिसताच घरातील माणसे हाताशी असलेला गोड पदार्थ तोंडात घालतात. तो बिनसाखरेचा असेल तर त्याचा काडीमात्र उपयोग होत नाही! अशा घरात तीन-चार चमचे खरी साखर वेगळ्या डबीत ठेवण्यास आवर्जून सांगावे. मात्रा कमी करण्याचे काम मूळ चिकित्सकाकडून करवून घ्यावे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर स्वस्त झाल्याने ती गावोगाव पोहोचली. ही गोळी घेत असताना पिष्ट फार कमी केले, उपवास केला किंवा वांत्यांमुळे अन्न गेले नाही, तर रक्तात कीटोन साचून रक्त अम्ल होऊ शकते, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. रुग्ण येतो तो हृल्लास, छर्दी, उदरशूल, थकवा व जलद श्वास घेऊन. आदल्या दिवशी लिंबाचा पदार्थ खाल्ल्याचे सांगतो. चित्र अम्लपित्ताचे दिसते, सूतशेखर द्यावासा वाटतो, आणि तेवढ्यात मौल्यवान वेळ निघून जातो. अशा रुग्णाला 'शर्करा किती' या प्रश्नाआधी 'गोळी कोणती' हा प्रश्न विचारावा. या वर्गातील गोळी असेल तर मूत्रातील कीटोनची पट्टी तपासावी. ती नकारात्मक आली तरी लक्षणे असल्यास निश्चिंत राहू नये. रक्तपरीक्षेची व शिरेवाटे द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. दुर्गम वाडीतून पावसात महाडपर्यंत येण्यास जो काळ लागतो तो ध्यानात घेता, हा निर्णय दूरध्वनीवरच घ्यावा लागेल.

औषधी-विक्रेत्यांसाठी दोन शब्द. घरगुती कर्ड किंवा बिनसाखरेचे अवलेह दुकानात विक्रीस ठेवण्याची विनंती बचत गटांकडून होत असते. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार 'शुगर फ्री' म्हणण्यासाठी शंभर ग्रॅमात शर्करा अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. वरील कृतीतील कर्डात केवळ लिंबाच्या रसातील व अंड्यांतील नैसर्गिक शर्कराच या मर्यादेच्या किंचित पलीकडे जाते. तेव्हा प्रयोगशाळेतील तपासणीवाचून वेष्टनावर ते शब्द छापणे नियमबाह्य ठरू शकेल. साखर न घातल्याचा दावा वेगळा, आणि त्याच्याही अटी पाहूनच करावा. प्रमेह बरा करणारे, असे तर अन्नपदार्थावर मुळीच लिहिता येत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: अशा बाटल्या नमुना म्हणून आल्या तरी ज्या शीतकपाटात इन्सुलिन व लसी ठेवल्या आहेत त्यात त्या ठेवू नयेत. वारंवार दार उघडल्याने आतील तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर जाते, आणि त्याचा भुर्दंड ज्या रुग्णाला बसतो त्याने कर्ड पाहिलेलेही नसते.