भंगाराशिवाय जादू नाही

"पाच लाख भागिले पंचवीस." भाच्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "वीस हजार दिवस. चोपन्न वर्षांच्या वर! मामा, एका तलवारीपायी माझा योद्धा म्हातारा होऊन मरंल की."

जालन्यात आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडा करणारा. भाचे-पुतणे मिळून चौघं आपापलं पात्र घेऊन खेळतात.

भाच्याचा हिशेब बरोबर होता. २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणं जादूची वस्तू घडवताना काम दिवसाला पंचवीस सुवर्णनाण्यांइतकंच पुढं सरकतं, आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या वस्तूचा खर्च पाच लाख. चौघांनी मिळून राबलं तरी तेराहून जास्त वर्षं जातात. २०१७च्या 'झॅनाथर्स गाईड टू एव्हरीथिंग'नं हा दोर बराच सैल केला. तिथं दुर्मिळ वस्तूला दहा आठवडे, दोन हजार नाणी आणि एखाद्या भयंकर प्राण्याशी गाठ पडून मिळवलेला जिन्नस पुरतो. मला मात्र २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचा नियम जवळचा वाटतो. बाजारभावाच्या निम्मी नाणी खर्चायचीच, शिवाय त्या भावाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके स्वतःचे अनुभवगुणही वस्तूत ओतायचे. म्हणजे आठ हजारांच्या तलवारीला चार हजार नाणी आणि ३२० गुण. वस्तू घडायची, घडवणारा तेवढा मागं यायचा.

आमचा घरचा नियम यातल्या कुठल्याच पुस्तकातून आला नाही. तो आला थोरल्या पुतण्याच्या नोकरीतून. तो एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात आहे. तिथं भंगार भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट ओततात, आणि बिलेट तापवून लाटले की सळ्या निघतात. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं लोखंड नव्यानं येतच नाही. कुणाचं तरी जुनं येतं." त्या दिवसापासून आमच्या टेबलावर नियम झाला: जुनी वस्तू वितळवल्याशिवाय नवी घडणार नाही. आणि ती जुनी वस्तू नावाची हवी. बाजारातून चार नाण्यांना आणलेला सुरा चालत नाही.

दुसरा नियमही त्याचाच. भंगारात तोंडबंद डबा किंवा ओल राहिली, तर भट्टीत स्फोट होऊन वितळलेलं लोखंड उसळतं. म्हणून माल आधी निवडून घ्यावा लागतो. आमच्या खेळात निवडायला एक दिवस जातो. तो वाचवायचा असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला की डबा फुटला! वस्तू तरीही तयार होते, पण खोड घेऊन. धाकट्या पुतणीनं अशीच घाई केली होती. तिचा कंदील अंधारात लखलखतो, पण कुणी खोटं बोललं की विझतो. तिच्या चोराला ही खोड चांगलीच महागात पडते.

त्या रविवारी भाच्याला पेटती तलवार हवी होती. नाणी होती, दिवस होते, ड्रॅगनचा दातही होता. भंगार म्हणून त्याच्याकडं एकच नावाची वस्तू होती: त्याच्या पहिल्या, मेलेल्या योद्ध्याची ढाल. त्याच ढालीआड बाकीचे तिघं पुलावरून जिवंत परतले होते.

मी काही बोललो नाही. पंखा फिरत होता. "दुसरं काही चालंल का?" त्यानं विचारलं. कारखान्यातल्या भावानं नुसती मान हलवली.

वस्तूंची यादी आम्ही पेन्सिलीनं लिहितो. बाण संपले की खोडतो, मिळाले की भरतो. भाच्यानं खोडरबर उचललं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि ठेवून दिलं. मग माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि ढालीच्या नावावर एकच रेघ ओढली. खालचं नाव अजून वाचता येतं.

निवडायचा दिवस त्यानं पूर्ण दिला. फासा मागितलाच नाही.