पत्रकारितेच्या पदवीचा जमाखर्च

बी. ए. झालेला विद्यार्थी 'सर, पत्रकारिता करू का?' असे विचारतो, तेव्हा 'जरूर कर, समाजाला लेखणीची गरज आहे' असे सांगून मोकळे होणे सोपे असते. गरज आहे हे खरेच. पण ती भागविण्याचा खर्च कोणाच्या घरातून निघणार, हा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. मी घरातला पहिला पदवीधर. आमच्या घरांत एकाचे शिकणे लांबले की त्याचा हप्ता धाकट्या भावंडांच्या शाळेतून कापला जातो, हे ठाऊक असल्यामुळे मला तो विचारावासा वाटतो.

नाशिकपुरते बोलायचे तर शिकण्याच्या सोयी आहेत. एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय याच शहराच्या शिवेवर आहे आणि तेथे कामधंदा सांभाळून पत्रकारिता शिकता येते. मान्यताप्राप्त महाविद्यालयात नियमित प्रवेश घेतला आणि घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. तिचे पैसे वेळेवर हाती पडत नाहीत, ही गोष्ट वेगळी. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते.

खरा फास आहे तो दोन खोल्यांत थाटलेल्या, कॅमेऱ्याचे चित्र लावलेल्या 'मीडिया अकादमी'चा. तिच्या प्रमाणपत्राला विद्यापीठाची मान्यता नसते, म्हणून शिष्यवृत्तीही नसते. बाप पतपेढीचे कर्ज काढतो. सरकारी संस्थाही आता स्वस्त राहिलेल्या नाहीत. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत २०१९ साली रेडिओ-दूरदर्शनच्या अभ्यासक्रमाचे शुल्क दीड लाखाच्या वर गेले, तेव्हा त्या डिसेंबरात विद्यार्थ्यांना धरणे धरावे लागले.

तरीही शुल्क हा खर्चाचा लहान भाग होय. समजा, सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आपल्या मुलाला महिना बारा हजार मिळाले असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतात. त्यानंतर 'अनुभवासाठी' बिनपगारी उमेदवारीचे सहा महिने धरले, तर आणखी बहात्तर हजार. ही तीन लाख साठ हजारांची रक्कम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. ज्याच्या घरी बसून खाण्याची सोय आहे तो ही उमेदवारी हसत पार पाडतो, आणि संपादक त्यालाच 'चिकाटीचा मुलगा' म्हणतो.

आता जमेची बाजू. पत्रकारांच्या वेतनासाठी १९५५ साली कायदा झाला. त्या कायद्याखालील मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या, आणि कंत्राटी पत्रकारही त्यांस पात्र आहेत असे २०१७ साली पुन्हा सांगितले. मालकांनी तोवर पळवाट काढली होती, म्हणूनच तर हे पुन्हा सांगावे लागले.

पण आपली बहुतेक मुले शहरातल्या कचेरीत पोचतच नाहीत. ती तालुक्याची वार्ताहर होतात. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळदा पगार नसतो. त्याने आणलेल्या जाहिरातींवर दलाली असते. जाहिराती कोण देतो? सरपंच, सोसायटीचा चेअरमन, बाजार समितीचा संचालक, शिक्षणसम्राट. दिवाळीच्या आणि वाढदिवसाच्या पुरवण्या यांच्याच फोटोंनी भरतात. वस्तीची पाण्याची वाट अडविणारा आणि पान भरून जाहिरात देणारा एकच असला, तर आपल्या वार्ताहराने काय लिहावे? सवर्ण वार्ताहराचीही कोंडी होते. पण त्याच्यासाठी जाहिरात मागायचे दार सोयरिकीचे असते. आपल्या मुलाला तेथे उंबऱ्याबाहेर उभे राहून मागावी लागते.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. जाहिरात आणि जात यांचे नाते असे जुने आहे.

वर चढण्याची आशा धरावी, तर २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी देशातील वृत्तमाध्यमांची पाहणी केली. तीत नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होत्या. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. शिडीच्या वरच्या पायऱ्या दिसतच नसतील, तर खालच्या पायरीवरच्या तुटपुंज्या कमाईला 'सुरुवात' म्हणणे ही फसवणूक आहे.

मग शिकूच नये काय? असे मला म्हणायचे नाही. 'बहिष्कृत भारत' पैशाअभावी १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले आणि 'जनता' १९३० च्या नोव्हेंबरात निघाले. मधल्या काळात, २ मार्च १९३० रोजी, येथे नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एवढा मोठा लढा उभा राहिला तेव्हा बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे पाक्षिक नव्हते. पत्र नसण्याची किंमत या शहराइतकी दुसऱ्या कोणाला कळावी?

म्हणून माझा सल्ला व्यवहाराचा आहे. कर्ज काढून ही पदवी घेऊ नये. शिष्यवृत्तीवर, नाहीतर काम करीत मुक्त विद्यापीठातून ती घ्यावी आणि सोबत अनुवाद, मुद्रितशोधन, संकलन यांपैकी ज्याचे रोख पैसे मिळतात असे एक काम पक्के शिकावे. शासनाच्या माहिती खात्यातील अधिकारीपदांना पत्रकारितेची पात्रता लागते. जागा थोड्या असल्या तरी आरक्षण तेथे आहे, खासगी वृत्तपत्रात नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या भिंतीवरचे फोटो पाहू नयेत. मागच्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना दरमहा पगाराची पावती मिळते, ते विचारावे.

आणि हा प्रश्न आपल्याच नियतकालिकांनाही विचारायला हवा. आपण नव्या लेखकाकडून लेख मागवितो, अंक टपालाने पाठवितो आणि मानधनाचा विषय निघाला की चळवळीचे नाव सांगतो. वर्गणीदारांनी थकबाकी भरली, तर निदान वार्तापत्र लिहिणाऱ्याच्या एस. टी.चे भाडे तरी त्यातून देता येईल.