आकाशातली ओळखपरेड

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून एक जळता पट्टा आकाशात शिरला आणि तुकडे होत होत पूर्वेकडे सरकत गेला. गुजरातेत, मध्य प्रदेशात, खानदेशात, वऱ्हाडात लोकांनी तो पाहिला, मोबाइलवर टिपला. कुणी उल्का म्हणालं, कुणी पेटलेलं विमान, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मात्र पुरावाच जमिनीवर आला. लाडबोरी गावातल्या मोकळ्या जागेत धातूचं एक कडं आदळलं. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीसेक किलो. पवनपारच्या बाजूला साधारण अर्धा मीटर व्यासाचा गोळा सापडला. पुढच्या काही दिवसांत तालुक्यात असेच आणखी गोळे मिळाले. हा सगळा ऐवज पोलिसांनी ताब्यात घेतला आणि इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तो तपासून गेले.

प्रश्न एकच होता: हे कुणाचं? आकाशातली अनोळखी वस्तू ओळखण्याची एक विद्या आहे, आणि ती कशी चालते हे समजून घ्यायला सिंदेवाहीसारखं दुसरं उदाहरण जवळपास नाही.

पहिला तर्क गेला न्यूझीलंडकडे. त्याच संध्याकाळी, आपल्याकडे सहा वाजून गेल्यावर, तिथल्या माहिया द्वीपकल्पावरून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचा अग्निबाण उडाला होता. वेळ जुळत होती, म्हणून अनेकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. पण इलेक्ट्रॉनचा व्यास अवघा १.२ मीटर. त्यातून तीन मीटरचं कडं निघणार कुठून? शिवाय त्याचा पहिला टप्पा उड्डाणानंतर काही मिनिटांतच समुद्रात पडतो. चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास मात्र बरोबर तीन मीटर आहे.

अर्थात नुसत्या मापावर निकाल लागत नाही. निर्णायक ठरला तो मार्ग. जोनाथन मॅकडॉवेल हे तेव्हा अमेरिकेत असलेले खगोलशास्त्रज्ञ अवकाशातल्या वस्तूंची नोंद अनेक वर्षं नेमाने ठेवत आले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका लाँग मार्च ३बीचा तिसरा टप्पा त्याच तासाभरात वातावरणात शिरणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्ग महाराष्ट्रावरून दिसलेल्या पट्ट्याशी जुळतो, हे त्यांनी त्याच दिवशी दाखवून दिलं. माप, वेळ आणि मार्ग अशा तिन्ही गोष्टी एकाच नावावर येऊन थांबल्या.

हे जुळवता येतं, कारण वर फिरणाऱ्या वस्तूंचा एक सातबारा आहे. अमेरिकेचं अवकाश दल रडार आणि दुर्बिणींनी हजारो वस्तूंवर नजर ठेवतं आणि प्रत्येकीला क्रमांक देतं. त्या वस्तूची कक्षा दोन ओळींत मांडलेली असते, प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची. कक्षा विषुववृत्ताशी किती कललेली आहे, किती लांबट आहे, दिवसाला किती प्रदक्षिणा होतात, हवेचा अडथळा किती, हे सगळं त्यात आलं. या दोन ओळी संगणकात भरल्या की अमुक वाजता ती वस्तू भामरागडच्या आकाशात कुठे असेल ते निघतं.

मग लाडबोरीची सूचना आधीच का मिळाली नाही? उपग्रह दूरच्या कक्षेत सोडून रिकामा झालेला असा टप्पा फार लांबट कक्षेत फिरतो. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना तो विरळ हवेला घासतो, वेग थोडा गमावतो आणि कक्षेचं लांबचं टोक आत येत जातं. या टप्प्याला खाली यायला चौदा महिने लागले. शेवटच्या दिवशी हिशेबात एका तासाची जरी चूक राहिली, तरी सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळणारी वस्तू तेवढ्यात सत्तावीस हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. पृथ्वीचा घेर आहे चाळीस हजार. तेव्हा गावाचं नाव आधी सांगणं कुणाच्याच हातात नसतं.

या विद्येचा पाया हौशी लोकांनी घातला आहे. १९५६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाची मोहीम उभारली. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी छोट्या दुर्बिणी घेऊन रांगेत बसायची आणि पुढे येणाऱ्या उपग्रहांची वाट पाहायची. वर्षभरात स्पुटनिक आला तेव्हा हे लोक तयार होते. गंमत अशी, की स्पुटनिक म्हणून जगभर लोकांनी जो ठिपका पाहिला तो बहुतेकदा त्याच्या अग्निबाणाचा रिकामा भाग होता. व्हिपल यांच्याच योजनेत जगात बारा ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसवले गेले आणि त्यांतला एक होता आपल्या नैनितालला.

इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे शिक्षक मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकत. १९६६ मध्ये एका उपग्रहाच्या कक्षेवरून त्यांच्या लक्षात आलं की तो नेहमीच्या तळावरून उडालेला नाही. अशा रीतीने प्लेसेत्स्कचा गुप्त तळ एका शाळेने हुडकला. अगदी अलीकडे, जानेवारी २०१८ मध्ये, कॅनडाच्या स्कॉट टिली यांना आपल्या अँटेनावर एक अनोळखी संदेश मिळाला. तो निघाला नासाच्या ‘इमेज’ उपग्रहाचा, ज्याच्याशी संपर्क डिसेंबर २००५ मध्येच तुटला होता.

आता आपल्या आकाशाकडे येऊ. चंद्रपूर शहरावर वीज केंद्र आणि कोळसा खाणींचा उजेड आहे. पण गडचिरोली ओलांडून एटापल्ली, भामरागडकडे निघालं की आकाश काळंभोर होत जातं. तिथल्या लोकांना तारे अनोळखी नाहीत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला आहे. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि उरलेले तीन म्हणजे ती पळवणारे चोर, हे त्यातलंच. मार्च-एप्रिलमध्ये माणसं मोहफुलं वेचायला पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात. खाली अंधार आणि वर उन्हात चमकणारे उपग्रह, अशी ही नेमकी वेळ असते.

वर काय दिसलं ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान. एकसारख्या उजेडाने सरकत जाऊन मध्येच विझला तर उपग्रह. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. काही सेकंदांच्या ठेक्याने चमकत गेला तर बहुधा गटांगळ्या खाणारा अग्निबाणाचा टप्पा. ठिपक्यांची रांगच रांग दिसली तर स्टारलिंक. मे २०१९ पासून ही गाडी अधूनमधून दिसते. तुटता तारा एक-दोन सेकंदांत संपतो. आणि आगीचे अनेक गोळे एकामागून एक, एकाच रेषेत, मिनिटभर रांगत गेले तर ते वरून परत येणारं भंगार समजावं.

ओळख कायद्यासाठीही लागते. १९६७च्या अवकाश करारानुसार अशा वस्तूवर प्रक्षेपण करणाऱ्या देशाचा हक्क कायम राहतो आणि १९७२च्या करारानुसार नुकसानाची जबाबदारीही त्याचीच. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाला तीस लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. सिंदेवाहीत कुणाला इजा झाली नाही, म्हणून तिथे हा विषय वाढला नाही. जुलै २०२२ मध्ये इस्रोने बंगळुरूला अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारं स्वतंत्र केंद्र सुरू केलं. तरी सगळ्या गावांवर सगळ्या रात्री डोळा ठेवणारी यंत्रणा कुठल्याच देशाकडे नाही. गावातल्या माणसाने नीट लिहून ठेवलेली नोंद म्हणूनच मोलाची.

अशा नोंदीत तीनच गोष्टी लागतात. मोबाइलच्या घड्याळातली वेळ, सेकंदांसकट. आपण उभे आहोत ती जागा. आणि वस्तू कोणत्या ताऱ्यांमधून गेली ते. एप्रिलच्या संध्याकाळी पूर्वेला चित्रा आणि स्वाती दिसतात, त्यांना जोडणारी रेषा तिने कुठे ओलांडली एवढं सांगितलं तरी पुरतं. दोन गावांतून अशा दोन नोंदी आल्या की मार्ग मांडता येतो. व्हिडिओ काढायचाच असेल तर चौकटीत एखादं झाड किंवा घराचं छप्पर राहू द्यावं, म्हणजे उंची मोजता येते. आश्रमशाळेतल्या मुलांना हे एका रात्रीत शिकवता येईल.

तुकडा पडलेला दिसला तर हात लावू नये. त्यात विषारी इंधनाचे अंश असू शकतात. पोलीस पाटलाला कळवावं आणि माणसं, गुरं लांब ठेवावीत. फोटो लांबूनच, पण शेजारी माणूस किंवा बैलगाडी येईल असा काढावा. वस्तू तीन मीटरची की सव्वा मीटरची, यावर ती कोणत्या देशाची हे ठरू शकतं.