प्रकाशाची जांभळी पाटी

भिलाईच्या पोलादनगरीत लोखंडाची थोरवी कोणास सांगावयास नको. ध्वनिफितीवर गाणे जपले गेले, तेही लोह-ऑक्साइडाच्या पातळ लेपावर. पण स्मरणाचे हे काम एखाद्या प्रथिनाकडून करून घेता येईल काय?

१९७१ साली ओस्टरहेल्ट व स्टोकेनियस या संशोधकांनी मिठागरांत वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवातील बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळे प्रथिन ओळखले. आपल्या डोळ्यांतील प्रकाशग्राही द्रव्याप्रमाणे यातही ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते सांगणारे रेटिनल असते. हिरवा प्रकाश पडला की ते पिवळे होते; निळा पडला की पुन्हा जांभळे. त्याच्या पापुद्र्यावर लेसरचे दोन झोत एकत्र आणले, की त्यांच्या मिलाफाची नक्षी या दोन रंगांत उमटते. हाच होलोग्राम. त्यात एकेक अक्षर नव्हे, तर पानच्या पान एकदम नोंदविता व वाचता येते.

अडचण आहे ती टिकाऊपणाची. मूळ प्रथिनाची पिवळी अवस्था सेकंदाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यात मावळते. त्यातील एक अमिनो आम्ल बदलून संशोधकांनी ती कित्येक पटींनी लांबविली. तरीही नेहमीच्या तबकड्यांची जागा हे प्रथिन घेऊ शकलेले नाही.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण ठरले ते अशाच क्षारप्रिय कुळातील सूक्ष्मजीव. अशा खाऱ्या पाण्यात आणखी कोणती गुणी द्रव्ये दडली आहेत, हे ते पाणी जपले तरच कळेल.