टपावरची नादिया

ना वायर, ना डमी, ना कॉम्प्युटर ग्राफिक्स... तरीही १९३६ चा 'मिस फ्रंटियर मेल' बघताना पोटात गोळा येतो. असं काय आहे त्यात?

शुक्रवारची रात्र. शेवटून दुसरी लोकल. लेडीज डब्यात आम्ही तिघीच. बॅगेची चेन मुठीत घट्ट, आणि प्रत्येक स्टेशनला नजर दरवाज्याकडे. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मुलींना हे वेगळं सांगायला नको! घरी पोहोचले तरी झोप येईना, म्हणून रूममेटने लॅपटॉपवर एक जुनापुराणा सिनेमा लावला. 'बोअर झालं तर लगेच बंद' या अटीवर.

बंद काही झाला नाही. कारण पडद्यावर एक ट्रेन आली. धावत्या गाडीच्या टपावर एक धिप्पाड, सोनेरी केसांची बाई गुंडांना धू धू धूत होती. एकाला तर तिने चक्क उचललं आणि दिलं भिरकावून! रात्री एक वाजता आम्ही दोघी शिट्ट्या मारत होतो.

ही फिअरलेस नादिया. खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. लहानपणीच मुंबईत आली, पेशावरला घोडेस्वारी शिकली. दुकानात सेल्सगर्ल झाली, मग सर्कशीत आणि स्टेजवर नाचली. शेवटी जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंच्या 'वाडिया मूव्हीटोन'मध्ये दाखल झाली. १९३५ मध्ये 'हंटरवाली' आला. बुरखा चढवून, हातात चाबूक घेऊन अन्यायाशी लढणारी राजकन्या! पण एका गोऱ्या बाईच्या नावावर पैसे लावायला वितरक तयार होईनात. शेवटी वाडियांनीच हिंमत करून सिनेमा लावला आणि तो तुफान चालला. तेव्हा नादिया सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे आपल्याच वयाची की!

आता मुद्द्याचं. आजचा हिरो पन्नासाव्या मजल्यावरून उडी मारतो आणि आपण शांतपणे पॉपकॉर्न खातो. कारण आपल्याला ठाऊक असतं, खाली हिरवा पडदा आणि गादी आहे. नादिया स्वतःचे स्टंट स्वतः करायची. तिचा पाय जरा लटपटला की आपलाही श्वास अडकतो. ती परफेक्ट नाही, तिची हाणामारी सफाईदारही नाही. पण त्या टपावर ती खरोखर उभी आहे, आणि हे कॅमेऱ्याला लपवता येत नाही. त्या काळच्या साहसपटांची जादू माझ्या मते इथेच आहे. धोका खरा, म्हणून धाडसही खरं.

शिकल्यासवरलेल्यांनी मात्र या सिनेमांकडे नाकं मुरडली. 'स्टंटपट' हा शब्दच हेटाळणीचा होता. त्यांचा हुकमी प्रेक्षक म्हणजे स्वस्त तिकिटावर बसणारा कामगारवर्ग. स्टुडिओही गिरणगावातच, परळला. पुढे त्याच जागेत व्ही. शांतारामांनी 'राजकमल' उभारलं. आज परळला काचेच्या टॉवर्समध्ये आपल्यापैकी कितीतरी जण मीटिंगा झोडतात, पण नादियाचं नाव किती जणांना माहीत असतं?

आणि हे सगळं नुसतं ढिशुम ढिशुमही नव्हतं बरं का! जेबीएच वाडिया वकिली शिकलेले, राजकारणात रस असलेले. इंग्रजांची सेन्सॉरशिप डोक्यावर असताना त्यांनी जुलमी प्रधान आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांना नादियाकडून चोपून काढलं. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर ती बायकांच्या स्वातंत्र्याविषयी ठणकावून बोलते. तिला वाचवायला कुणी हिरो लागत नाही. उलट वेळ आली तर हिरोलाच ती वाचवते!

नादिया १९९६ मध्ये गेली. २०१७ चा विशाल भारद्वाजचा 'रंगून' आला, तेव्हा त्यातल्या ज्युलियाच्या निमित्ताने तिच्यावर थोडंफार लिहून-बोलून झालं. पण पडद्यावरची ओरिजिनल नादिया बघण्यात जी मजा आहे, ती वाचण्यात नाही.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच लोकल. चेन अजूनही मुठीत असते, खोटं कशाला बोलू? फक्त आता गाडी सुटली की मान आपोआप वर जाते. टपाकडे. आणि हसू येतं.

सो, या वीकेंडला दोन तास काढाच. प्रिंट धुरकट आहे, आवाज खरखरतो, गाणी जरा लांबतात. चालवून घ्या. ट्रेन येईपर्यंत थांबा, बस्स!